थंडीपेक्षा अंतर बोचते



आज एकाच पत्राला उत्तर देणार आहे. पत्र एकीचे असले तरी प्रश्न बऱ्याच जणींचा आहे.

पत्र नाशिकहून आले आहे. लिहिणाऱ्या भगिनी छत्तीस वर्षांच्या आहेत. कायदेशीर घटस्फोट झालेला, पदरी नऊ वर्षांचा मुलगा. कॅनडात कायम राहण्याचा परवाना हाती आला आहे आणि येत्या उन्हाळ्यात टोरांटोच्या पश्चिमेच्या उपनगरात, म्हणजे मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनला, बिऱ्हाड थाटायचे आहे. पत्र चांगले चार पानी आहे आणि त्यातली तीन पाने थंडीवर आहेत. कोट नाशिकलाच शिवून घ्यावा का, स्वेटर किती न्यावेत, मुलाचा कान दुखतो तर त्याला ती हवा सोसेल का, रात्री पाणी गोठते का! शेवटी लिहितात, "सगळे म्हणतात, एकटी बाई बर्फात काय करशील? तुम्ही एकटीने केलेत, म्हणून तुम्हाला विचारते."

ताई, केले खरे. मुलगी सात वर्षांची असताना आम्ही दोघीच इथे आलो. घर सांभाळून मी शाळा सुटल्यावर मुलांना शिकवण्याचे अर्धवेळ काम करते, तेव्हा इथला हिवाळा मला आईच्या बाजूने दिसतो, तसा शाळेच्या बाजूनेही दिसतो. त्या अनुभवावरून सांगते: तुमच्या पत्रात थंडीबद्दल तीन पाने आहेत, पण घर शाळेपासून किती लांब असेल याबद्दल एक ओळही नाही. आणि एकट्या आईचा हिवाळा ठरतो तो त्या अंतरावर.

थंडीला औषध दुकानात मिळते. टोरांटोकडे जानेवारीत सरासरी तापमान शून्याखाली पाच अंशांच्या आसपास असते, मधूनच एखादी रात्र उणे वीसपर्यंत उतरते. ऐकायला भयंकर वाटते, पण अंगावर योग्य कपडे असले की माणसे त्यात फिरतात, मुले त्यात खेळतात. अंतराचे तसे नाही. दोघांच्या संसारात एकाची गाडी बर्फात अडकली तर दुसरा मुलाला आणायला जातो. एकाला ताप आला तर दुसरा दूध आणतो. आपल्याकडे तो दुसरा माणूस नसतो. म्हणून त्याची उणीव निदान अर्धी तरी घराच्या जागेने भरून काढायची असते, आणि उरलेली अर्धी ओळखीपाळखीने. आज या दोन गोष्टींबद्दलच मुख्यतः लिहिते. कपड्यांचे आणि स्वयंपाकघराचे पुढे सांगतेच, काळजी नको!

घर पायांनी मोजा

इथली उपनगरे मोटारीसाठी वसवलेली आहेत. रस्ते सरळ नसतात, वळणे घेत जातात आणि कित्येक गल्ल्या शेवटी बंद होतात. नकाशावर शाळा घराच्या मागेच दिसते, पण मध्ये कुंपण असते आणि फिरून जायला वीस मिनिटे लागतात. जाहिरातीत 'शाळा जवळ' असे लिहिलेले असते, ते मोटारवाल्याच्या हिशेबाने.

तेव्हा घर पाहायला जाल तेव्हा आधी खोल्या बघू नका. घड्याळ लावून तीन वाटा चाला: घर ते शाळा, घर ते बसथांबा, घर ते किराणा. उन्हाळ्यात जेवढा वेळ लागेल त्याच्या दीडपट जानेवारीत धरा, कारण फुटपाथवर बर्फ असतो, अंगावर जड कपडे असतात आणि मुलाचा हात धरलेला असतो. माझ्या मते मुलाला घेऊन चालायची कुठलीही वाट उन्हाळ्यात पंधरा मिनिटांच्या वर नसावी. यासाठी एक खोली कमी मिळाली किंवा भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल. ते पैसे मोटारीच्या खर्चात वाचतात. ब्रॅम्प्टनमध्ये मोटारीचा विमा ऑन्टॅरिओ प्रांतातल्या सर्वांत महाग विम्यांत गणला जातो, आणि पहिल्याच वर्षी तो बोजा डोक्यावर घ्यायला मी तरी सांगणार नाही.

घर ठरवण्यापूर्वी आणखी एक बघा. सरकारी शाळेत प्रवेश पत्त्यावरून मिळतो. प्रत्येक शाळेची हद्द ठरलेली असते, आणि रस्त्याच्या एका बाजूचे घर एका शाळेत तर समोरचे दुसऱ्या शाळेत असे सर्रास घडते. शाळामंडळाच्या कचेरीत किंवा त्यांच्या संकेतस्थळावर पत्ता सांगितला की शाळेचे नाव कळते. भाडेकरारावर सही करण्याआधी हे करायचे, नंतर नाही.

शाळेची पिवळी बस ठरावीक अंतरापलीकडे राहणाऱ्या मुलांनाच मिळते. आता तुम्ही म्हणाल, मग लांब घर घेतलेलेच बरे, बस तरी मिळेल. पण पुढचे ऐका. मोठा हिमपात झाला की पहाटे सहाच्या सुमारास जाहीर होते की आज बस रद्द. पुष्कळदा बस रद्द असते आणि शाळा मात्र चालू असते! ज्याचे घर चालत जाण्याच्या अंतरावर, त्याचे मूल शाळेत जाते आणि आई कामावर जाते. ज्याचे घर लांब, त्या घरातल्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. पहिल्या वर्षी, नोकरी नवी असताना, असे तीन-चार दिवस बुडाले तर वरिष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतात. बर्फाने कोणाची नोकरी जात नाही हो, पण बर्फाच्या दिवशी सारखे घरी राहावे लागल्याने जाते.

घरमालकाचे प्रश्न

ब्रॅम्प्टनकडे नव्याने आलेली कुटुंबे बहुधा कोणाच्या तरी बंगलीच्या तळघरात भाड्याने राहतात. भाडे परवडते आणि घरमालक बऱ्याचदा आपल्याकडचेच असतात. पण तळघर बघताना चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. जागा भाड्याने द्यायला नगरपालिकेकडे नोंदलेली आहे का? आग लागली तर बाहेर पडायला रीतसर वाट आहे का, की एकच जिना स्वयंपाकघराला लागून? दिवसा दिव्याशिवाय वाचता येईल एवढा उजेड खिडकीतून येतो का? आणि घर गरम ठेवण्याचे बटण कोणाच्या हातात आहे? ते वरच्या मजल्यावर असेल, तर वरचे लोक दिवसभर बाहेर असताना खाली तुमचे मूल कुडकुडत बसेल. ऑन्टॅरिओच्या भाडेकरूविषयक नियमांप्रमाणे सप्टेंबरच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत घरात किमान २० अंश ऊब देणे घरमालकावर बंधनकारक आहे, आणि शहराचा स्वतःचा वेगळा नियम असला तर तो लागू होतो. हे बोलणे पहिल्याच भेटीत, हसतमुखाने, पण स्पष्ट करून घ्यावे.

आता नाजूक गोष्ट. "मिस्टर कुठे असतात?" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार. इंग्रज बाई विचारणार नाही कदाचित, पण आपल्यापैकी आंटीजी नक्की विचारतील, आणि उत्तर ऐकून जागा अचानक 'कालच दिली' असेही होईल. मला दोनदा झाले. ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क कायद्यात एकटी बाई आहे म्हणून किंवा बरोबर मूल आहे म्हणून घर नाकारण्याला बंदी आहे. मालकाबरोबर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामाईक असेल तर मात्र हा नियम लागत नाही. अशा दारावर भांडत बसण्याइतका वेळ पहिल्या महिन्यात कोणाकडे असतो? पण चूक तुमची नाही एवढे मनाशी पक्के असू द्या, आणि मुलासमोर खोटे बोलून 'मिस्टर पुढच्या महिन्यात येतील' असे कधी सांगू नका. मुले ते विसरत नाहीत.

पैशांचेही ऐकून ठेवा. घरमालकाला अनामत म्हणून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती रक्कम शेवटच्या महिन्याच्या भाड्यातच वळती करायची असते. मोडतोडीसाठी म्हणून वेगळे पैसे घेणे किंवा पुढच्या तारखांचे धनादेश सक्तीने मागणे कायद्यात बसत नाही. ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक घरांसाठी सरकारने ठरवून दिलेला करारनाम्याचा नमुनाच वापरावा लागतो. तो मागा. दाराबाहेरचा सामाईक बर्फ काढण्याची जबाबदारी मुळात घरमालकाची असते. तळघराकडे जाणाऱ्या वाटेवर घसरून पडलेल्या भाडेकरूच्या खटल्यात अपील न्यायालयाने २००९ साली हेच सांगितले. तुम्हीच तो काढायचा असे ठरत असेल, तर त्याचा मोबदला वेगळा लिहून घ्या.

शाळेच्या कार्डावरचे दुसरे नाव

शाळेत नाव घालताना एक कार्ड भरून घेतात. आईवडिलांशी संपर्क झाला नाही तर कोणाला कळवायचे, मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचे, त्यांची नावे त्यावर लिहायची असतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या किती तरी आया ही जागा कोरी सोडतात किंवा दोनशे मैलांवरच्या मावसभावाचे नाव घालतात. ताई, या एका ओळीवर तुमचा सगळा हिवाळा उभा आहे.

नाशिकला शाळा सुटली की मूल शेजारच्या काकूंकडे जाते, नाही तर गळ्यातल्या किल्लीने दार उघडते. कोणाला त्यात काही वाटत नाही. ऑन्टॅरिओत सोळा वर्षांखालच्या मुलाची योग्य देखरेखीची सोय न करता त्याला सोडून जाणे कायद्याने चालत नाही. किती वयाचे मूल किती वेळ एकटे राहू शकते याचा ठरलेला आकडा कायद्यात नाही. प्रसंग पाहून ठरवतात. नऊ वर्षांचा मुलगा उणे पंधरा अंशांत बंद दारासमोर उभा राहिला, तर शेजारीण पोलिसांना कळवील, आणि तिने कळवले म्हणून तिला दोष देता येणार नाही.

शाळा तीन-साडेतीनला सुटते. तुमचे काम पाचला सुटणार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो, म्हणजे तुम्ही घरी पोचता तेव्हा काळोख असतो. शाळेतच सुटल्यानंतरची सांभाळण्याची सोय असेल तर तिच्यासाठी प्रवेशाबरोबरच नाव घाला. जागा भराभर भरतात. उत्पन्न कमी असेल तर फीमध्ये सवलत मिळते, त्यासाठी प्रादेशिक सरकारकडे वेगळा अर्ज करायचा. पण ही सोयही संध्याकाळी सहाला दार लावते, आणि हिमवादळात गाड्या सहाला पोचतातच असे नाही.

एका फेब्रुवारीत माझी गाडी वाटेत दोन तास उभी राहिली. बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हते. मी शाळेत फोन केला आणि मग आमच्या इमारतीतल्या एका फिलिपिनो बाईंना. त्यांचे नाव कार्डावर होते. मी आठला घरी पोचले तेव्हा मुलगी त्यांच्या घरी भात आणि अंड्याचे कालवण जेवून, त्यांच्या मुलीबरोबर पत्ते खेळत बसली होती. तिला वाटले सुट्टीच आहे! हे नुसत्या चांगुलपणावर झाले नव्हते. सप्टेंबरपासून दर शनिवारी सकाळी त्यांची मुलगी माझ्याकडे असे, कारण शनिवारी त्यांना काम असायचे. अशी देवाणघेवाण असली की मागताना ओशाळल्यासारखे होत नाही. उपकार म्हणून मागितलेली मदत दोनदा मिळते, तिसऱ्यांदा आपणच फोन करायला कचरतो.

ही माणसे कुठे भेटतात? शाळेच्या फाटकाशी. पहिला महिनाभर मुलाला सोडून लगेच पळू नका, पाच मिनिटे थांबा. सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड फुकट मिळते आणि हिवाळ्यात ती ऊबदार बसण्याचीही जागा आहे. ऑन्टॅरिओतल्या बऱ्याच शाळांत नव्या कुटुंबांना मदत करणारे कार्यकर्ते येतात, त्यांना जरूर भेटा. २११ या क्रमांकावर फोन केला की जवळपासच्या सोयींची माहिती मिळते, ८११ वर परिचारिका आजारपणाबद्दल सल्ला देते. टोरांटोचे मराठी भाषिक मंडळ आहे. गणपतीला आणि संक्रांतीला जा. आपली भाषा कानावर पडली की महिन्याभराचा शीण जातो. पण कार्डावर लिहायचे नाव मात्र चालत येऊ शकेल अशाच माणसाचे हवे. मंडळातली मैत्रीण चाळीस किलोमीटरवर राहत असेल तर वादळात ती फोनवर धीर देईल, मुलाला आणू शकणार नाही. एक नाही, दोन नावे ठेवा. त्यांतले एक दिवसा घरी असणाऱ्या कोणा आजींचे असले तर उत्तम. आणि शाळेची प्रश्नपत्रिका असावी तसे मुलाला विचारून ठेवा: आई आली नाही तर कोण येणार? त्या नाहीत तर कोण?

आता कपडे

कोट नाशिकला शिवू नका. तिथल्या शिंप्याने तो कितीही प्रेमाने शिवला तरी इथल्या वाऱ्याला तो अडवणार नाही. कपडे तीन थरांत घालायचे. आतला थर अंगाला चिकटून बसणारा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि मग तोच गार पडतो. मधला थर उबेचा: आजीने विणलेला स्वेटर इथे कामाला येतो, तो अवश्य आणा. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा.

शाळेत मुलांना मधल्या सुट्टीत थंडीतही बाहेर सोडतात. फार कडाका असला तरच आत ठेवतात. म्हणून मुलाला बर्फात लोळता येईल अशी वरची विजार, उंच बूट आणि बोटांचे नव्हे तर पिशवीसारखे हातमोजे घ्या, ज्यांत चारही बोटे एकत्र राहतात. बोटे एकमेकांना ऊब देतात. हातमोज्यांचे तीन जोड हवेत: एक हातात, एक दप्तरात, एक हरवायला. प्रत्येकावर नाव घाला. शाळेतल्या हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत डोकावले की नाव का घालायचे ते कळते. बूट एक माप मोठा घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर पाय जास्त गार पडतात. लांब मफलर खेळताना अडकतो, त्याऐवजी गळ्यात घालायची लोकरीची नळी मिळते. कानदुखीसाठी कान पूर्ण झाकणारी टोपी पुरते, पण कान सतत दुखत असेल तर निघण्यापूर्वी नाशिकच्या डॉक्टरांना दाखवूनच या. जुन्या कपड्यांच्या दुकानांत हे सगळे निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि मुलांचे कपडे तसेही एक हिवाळाच पुरतात.

हवामानाच्या बातमीत तापमानाच्या बरोबर वाऱ्याचा आकडा सांगतात, तो लक्षात ठेवायचा. तो उणे २८ च्या खाली गेला की उघड्या कातडीला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. नाकाचा शेंडा किंवा कान पांढरट आणि बधिर झाला तर चोळू नये, आत येऊन कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्यावी. कोणाच्या मोटारीतून जाताना मुलाचा जाड कोट काढून मगच पट्टा बांधा, आणि कोट वरून पांघरा. जाड कोटावरून बांधलेला पट्टा ढिला राहतो.

स्वयंपाकघर आणि ऊब

हिवाळ्यात घरातली हवा फार कोरडी होते. ओठ फुटतात, मुलांच्या नाकातून रक्त येते, आई घाबरते. रात्री नाकपुडीत खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. पण खोबरेल तिथे दगडासारखे गोठलेले असते, म्हणून ते अरुंद बाटलीत न ठेवता रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. ओले कपडे घरातच दोरीवर वाळवले की हवेला थोडा ओलावा येतो आणि विजेचाही खर्च वाचतो. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळू लागले की ओलावा जास्त झाला असे समजावे आणि काच पुसून घ्यावी, नाही तर चौकटीला बुरशी धरते.

फोडणी करताना पंखा आधी लावा, तेल नंतर तापवा. धुराचा अलार्म वाजतो म्हणून कोणी त्याची बॅटरी काढून ठेवतात, तसे चुकूनही करू नका. दुसरा अलार्म कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला वास नाही, रंग नाही. गॅसवर तापणाऱ्या घरांत हा अलार्म ऑन्टॅरिओत २०१४ पासून सक्तीचा आहे. तळघर बघताना तो झोपण्याच्या खोलीजवळ आहे का ते बघा. वीज गेली तर घरात कोळशाची शेगडी कधीही पेटवायची नाही. २०१३ च्या नाताळाच्या तोंडावर टोरांटोकडे गोठता पाऊस पडून तारा तुटल्या आणि लाखो घरे अंधारात गेली, काही कित्येक दिवस. त्या वेळी घरात निखारे आणि जनरेटर लावून लोकांना विषबाधा झाली. त्यापेक्षा बॅटरी, गोधड्या, पिण्याचे पाणी आणि डबाभर चिवडा एका खोक्यात भरून ठेवावा.

दही लागत नाही अशी तक्रार तुम्ही महिन्याभरात लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. विरजण लावलेले भांडे ओव्हनमध्ये ठेवा आणि ओव्हन न तापवता नुसता आतला दिवा लावा. इडलीचे पीठही असेच फुगते. दारावर चिठ्ठी लावायला विसरू नका, 'आत दही आहे'.

रविवारी दोन तास काढून आमटी, उसळ आणि पोळ्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. संध्याकाळी काळोखात घरी आल्यावर कणीक मळायची उमेद राहत नाही, आणि मुलाला त्या वेळी पोळीपेक्षा तुम्ही हव्या असता. दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटे तरी उजेडात चाला. हिवाळ्यात तिथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही, ते किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारा. जानेवारी-फेब्रुवारीत उगीच रडू येते, काही करू नये असे वाटते. पुष्कळांना वाटते, तुम्हालाही वाटेल. दोन आठवडे ते हटले नाही तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखेच आहे.

कागदपत्रे

घटस्फोटाच्या आणि मुलाच्या ताब्याच्या न्यायालयीन हुकुमाच्या प्रमाणित प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि शाळेचे प्रगतिपुस्तक यांचे इंग्रजी भाषांतर करून आणा. लसीकरणाची माहिती इथे शाळेसाठी द्यावीच लागते. ज्या भगिनी अजून अर्जाच्या पायरीवर आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे की मूल बरोबर न्यायचे तर मागे राहणाऱ्या पालकाची संमती लागते. त्याचा आयएमएम ५६०४ हा नमुना आहे. ती संमती मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

वाहन परवाना असेल तर आरटीओकडून किती वर्षांचा अनुभव आहे याचे पत्र आणा, पुढे परीक्षेची प्रतीक्षा कमी होते. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच प्रांताच्या आरोग्यकार्डासाठी अर्ज करा. पूर्वी नव्याने आलेल्यांना तीन महिने थांबावे लागे, मार्च २०२० पासून ती अट गेली. मुलांसाठी केंद्र सरकार दरमहा पैसे देते, त्याचा अर्ज आरसी ६६ या नमुन्यावर करायचा. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षात सहा ते सतरा वयाच्या मुलासाठी ही रक्कम वर्षाला जास्तीत जास्त ६,७४८ डॉलर होती. उत्पन्न वाढले की ती कमी होते. उत्पन्न शून्य असले तरी दरवर्षी आयकराचे विवरण भरावेच लागते, नाही तर हे पैसे थांबतात.

ताई, मे-जूनमध्ये पोचता आले तर फार बरे. सप्टेंबरात शाळा उघडण्यापूर्वी घर चालत शोधायला, फाटकाशी उभे राहायला आणि शेजाऱ्यांची तोंडओळख करून घ्यायला उन्हाळा मिळतो. बर्फ पडायला लागल्यावर दारे बंद होतात आणि ओळखी व्हायला मार्च उजाडतो.

पत्ता ठरला की कळवा. आणि शाळेच्या कार्डावर दुसरे नाव कोणाचे लिहिलेत, तेही कळवा.